सांगाव्याची गाडी

परंड्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांत एके काळी अशी गत होती, की रस्त्याकडून फटफटीचा बारीक, किरकिरा आवाज आला की बायांच्या हातातली कामं थांबायची. चुलीपुढची उठून दारात यायची, पाण्याला निघालेली घागर खाली ठेवायची. आवाज पुढं निघून गेला तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. थांबला, तर ज्या दारापुढं थांबला त्या घरातून हंबरडा फुटायचा. तोही गाडीवरच्या माणसानं तोंड उघडायच्या आधीच.

गाडीवरचा माणूस म्हणजे ढगेवाडीचा बलभीम कोंडिबा ओव्हाळ. पस्तिशीचा, अंगानं किरकोळ, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा न चुकता लावणारा. परंड्याला दूध संघाच्या शीतकरण केंद्रात तो कामाला होता. गावोगावहून कॅन आले की नमुना काढायचा, काचेच्या नळीत घालायचा, नळी गरगर फिरवायची आणि दुधाला फॅट किती ते सांगायचं. बलभीमची नळी खोटं बोलत नाही असं लोक म्हणत. म्हणत, पण त्याच्या हातचा चहा प्यायची वेळ आली की त्यातल्या निम्म्यांना अचानक काही काम आठवे.

सकाळचं दूध सातला केंद्रावर येई आणि ढगेवाडीची एस.टी. नऊला, तीही आलीच तर. म्हणून अठ्ठ्याहत्तर साली त्यानं बार्शीच्या एका कंपाउंडरकडून जुनी मोपेड घेतली. पन्नास सीसीचं एवढंसं इंजिन, सायकलीसारखी पायडलं, हँडलला अडकवलेली पिशवी. पायडल मारत दहा पावलं पळवली की ती धडधडत जिवंत व्हायची. पेट्रोल संपलं तर सायकल म्हणून चालायची, आणि ओढ्याला चिखल असला तर एकटा माणूस उचलून पलीकडं नेईल इतकी ती हलकी होती. ओढ्याला चिखल असायचे दिवस मात्र फार नव्हते. गावाचं नाव ढगेवाडी ठेवणाऱ्याला चेष्टेची सवय असावी, कारण बाकी सगळ्या मुलखावर एखादी सर येऊन गेली तरी ढगेवाडी कोरडीच राहायची.

ज्या रस्त्यानं बलभीम रोज जाई-येई, तो बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर झालेला. त्या रस्त्याची खडी त्याची बायको शिवकांता हिनं फोडली होती. सुकडीच्या डब्याला पदर गुंडाळून ती ज्या चढावर बसायची, तो चढ आला की मोपेडचं इंजिन धापा टाकायचं आणि बलभीम पायडल मारू लागायचा. चौऱ्याहत्तरला काविळीनं शिवकांता गेली. मूल नव्हतं. घरात उरले दोघं, तो आणि म्हातारा बाप, कोंडिबा.

आता या कोंडिबाबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गावात कुणी मेलं की पै-पाहुण्यांना खबर द्यायची, म्हणजे सांगावा न्यायचा, ते काम पूर्वी त्याच्याकडं होतं. त्याच्याकडं म्हणजे त्याच्या जातीकडं. ऊन असो, थंडी असो, घुंगराची काठी घ्यायची आणि निघायचं. पाच कोस, आठ कोस, पायात काही असलं तर असलं. ज्या घरी जायचं तिथं ओट्यावर चढायचं नाही, लांब झाडाखाली उभं राहायचं, पाणी घ्यायचं नाही. आणि मेलं असं म्हणायचं नाही. नुसतं म्हणायचं, "निघा." ऐकणाऱ्याला कळायचं. लहानपणी एकदा बलभीम बापाबरोबर गेला होता, तेव्हा कोंडिबानं त्याला वाटेत हे शिकवलं होतं: "मरणाचा शबुद आपल्या तोंडानं काढू न्हाय. निघा म्हणायचं आन गप ऱ्हायाचं. रडायचं काम त्यांचं हाय."

छप्पनला दीक्षेची लाट आली. सत्तावन्नच्या एका सकाळी कोंडिबा चावडीवर गेला, काठी पाटलापुढं जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "आजपास्नं ह्ये काम बंद." एवढंच बोलला. त्यापायी पुढं वर्षभर वस्तीला पीठ दळून मिळालं नाही, विहिरीवर पाय ठेवता आला नाही, शेतात मजुरी मिळाली नाही. कोंडिबाच्या धाकट्या लेकराला त्या वर्षी दूध मिळालं नाही आणि ते गेलं. त्याचा सांगावा न्यायला कोणीच नव्हतं. कोंडिबानं तरी काठी परत उचलली नाही. गावात आयुष्यभर त्यानं मिळवलं असं एकच, आणि ते त्यानं एवढं देऊन मिळवलं होतं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात तात्याराव पाटलाची आई वारली. तात्याराव म्हणजे चावडीवरच्या त्या पाटलाचा मुलगा. त्याची बहीण वाकडीला दिलेली. एस.टी. निघून गेलेली, ट्रॅक्टरचं चाक खोललेलं. तात्याराव स्वतः वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"बलभीमराव," तो म्हणाला, "तुमच्याकडं गाडी हाय. आक्काला आईचं तोंड तरी बघू द्या."

बलभीमराव! जन्मात कुणी त्याला राव म्हटलं नव्हतं. खोटं कशाला सांगा, त्याला ते गोड लागलं. त्याहून खरं म्हणजे शिवकांता गेली तेव्हा तिची आई उशिरा पोचली होती आणि राखेपुढं बसून राहिली होती. ते त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्यानं पायडल मारलं. तासाभरात वाकडी गाठली, माहेरचा माणूस दारात बघूनच बाईनं ओळखलं, ती वेळेत पोचली, तिला आईचं तोंड दिसलं, आणि त्या संध्याकाळी घरी येताना बलभीमला आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटत होतं.

"कुठं गेल्तास?" कोंडिबानं जेवताना विचारलं.

"पाटलाची म्हातारी गेली, आबा. वाकडीला सांगावा पोचवून आलो."

कोंडिबानं ताटली बाजूला सारली. दीक्षेच्या वर्षी भिंतीवर लावलेल्या तसबिरीकडं त्यानं एकदा बघितलं. मग म्हणाला, "म्या काठी खाली ठिवली. तू तिला चाकं लावून घरात आणलीस."

त्यानंतर कोंडिबा लेकाशी बोलायचा बंद झाला. भांडण नाही, तंटा नाही. भाकरी लेक थापायचा, कोरड्यास बाप करायचा, दोघं एका चिमणीच्या उजेडात पाठीला पाठ लावल्यागत जेवायचे. बलभीमनं पहिले काही दिवस एकट्यानंच बोलून बघितलं, आज अमक्याच्या म्हशीला एवढी फॅट लागली, तमक्यानं दुधात पाणी घातलं. भिंतीशी किती दिवस बोलणार? मग तोही गप्प झाला.

आणि तिकडं गाव त्याला सोडेना. एकदा गेला तो दुसऱ्यांदा का नाही? दुसऱ्यांदा गेला तो तिसऱ्याला काय झालं? गावात अकरा सायकली होत्या, तात्यारावाचा ट्रॅक्टर पुन्हा चालू झाला होता, पण कुणी मेलं की पावलं वळायची ती बलभीमच्या दाराकडं. आधी 'बलभीमराव' होता त्याचा 'बलभीम' झाला, मग 'त्या फटफटीवाल्याला सांगा' एवढ्यावर आलं. नाही म्हणायचा धीर त्याला होत नव्हता. मेलेल्या माणसाच्या नावानं आलेल्याला नाही कसं म्हणावं, असं त्याला वाटे. लोकांनी त्याचा हा भिडस्तपणा बरोबर हेरला होता. माणसं अशा बाबतीत फार हुशार असतात.

दोन वर्षांत त्यानं एकतीस सांगावे पोचवले. एकदाही त्याला बोलावं लागलं नाही. दारापुढं इंजिन बंद केलं की आत रडारड सुरू. मग तो गाडी घेऊन लांब कुठल्यातरी झाडाखाली उभा राही. कुणी पाणी विचारत नसे. दुःखात कोण विचारणार, असं तो स्वतःला समजावी. एका गावी लिंबाखाली तो असाच उभा असताना एक म्हातारा डोळे बारीक करून जवळ आला.

"कोंडिबाचा पोरगा का रं तू?"

"व्हय."

"तरीच. तुझा बाप बी ह्याच लिंबाखाली हुबा ऱ्हायाचा."

म्हातारा ओळख लागली म्हणून खुशीत हसला. बलभीम त्या लिंबाखालून पटकन बाजूला उन्हात गेला. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा बापाच्या तोंडाकडं बघायची त्याला लाज वाटली, आणि तरी पुढच्या वेळी बोलावणं आलं तेव्हा तो गेलाच.

हे सगळं तुटलं ते एका चांगल्या बातमीनं. एक्याऐंशीच्या पौषात दूध संघानं तालुक्यात सगळ्यांत जास्त फॅट देणाऱ्या म्हशीच्या मालकिणीचा सत्कार ठरवला. नंबर लागला होता धुरपदाबाईचा. अनाळ्याच्या वाटेवर एका वस्तीत राहणारी ही विधवा बाई. तिचा एकुलता एक मुलगा सोलापूरला गिरणीत. ती खबर द्यायला बलभीम उत्साहानं निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गाडीवर आनंदाची बातमी होती. वाटेत तो शीळ घालत होता म्हणे.

धुरपदाबाई म्हशीला आंबोण कालवत होती. तिनं आवाज ऐकला. मग तो आपल्याच दारात थांबलेला ऐकला.

"माझ्या लेकरा!" तिनं एकच किंकाळी फोडली आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं.

"मावशी, आवं मावशी! तुमच्या म्हशीचा पयला नंबर आलाय!" बलभीम ओरडत होता. ऐकतं कोण? शेजारच्या बाया धावल्या, त्याही रडू लागल्या. कपाळाचं रक्त धुरपदाबाईच्या डोळ्यांत उतरलं. म्हशीच्या नावानं आपण रडतो आहोत हे त्यांना कळायला बराच वेळ गेला, आणि कळल्यावर सगळ्या बलभीमवर उलटल्या.

"तुला यायचंच असलं तर चालत ये की रं मेल्या," एक म्हातारी म्हणाली. "ती मढ्याची गाडी घिऊन जित्त्या माणसांच्या दारात कशाला येतूस?"

तो परत निघाला. चढावर इंजिनानं धाप टाकली तेव्हा तो उतरला आणि शिवकांतानं फोडलेल्या खडीवर बसून ढसाढसा रडला. पोटासाठी म्हणून घेतलेली गाडी. तिच्या आवाजानं आता त्याला कुठल्याच घरात पाहुणा म्हणून जाता येत नव्हतं. सोनारीला दिलेल्या मुक्ताकडं, सख्ख्या बहिणीकडं, तो दीड वर्षात गेला नव्हता. आवाज ऐकून आबा गेले असंच ती समजली असती.

चारच दिवसांनी तात्याराव दारात आला. चुलता वारला होता.

"न्हाय, तात्या," बलभीम म्हणाला. "आजपास्नं ह्ये काम बंद."

"अरं, गाडी काय पूजेला ठिवायचीय का?"

"दूध तपासायला जातो मी तिच्यावर. सांगावा न्हाय नेणार. तुमच्याकडं ट्रॅक्टर हाय."

तात्यारावाचं तोंड आंबट झालं. 'माजलाय' एवढं मोठ्यानं म्हणून तो गेला. बलभीम दारातच उभा राहिला. आतल्या अंधारातून दोन वर्षांनी बापाचा आवाज आला.

"उद्या सुट्टी घेतूस का?"

"घेतो की, आबा. का?"

"मला मुक्तीकडं सोनारीला ने. त्या गाडीवर."

दुसऱ्या दिवशी कोंडिबानं धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला आणि दोन्ही पाय एका बाजूला टाकून मागच्या सीटवर बसला. लेकाच्या कमरेला त्यानं हात घातला. दोन वर्षांत बापाचा हात अंगाला लागला नव्हता. बलभीमला पुढचा रस्ता धड दिसेना. चढ आला तशी मोपेड रडकुंडीला आली.

"थांब, उतरतो," कोंडिबा म्हणाला. "चालायचं मला काय नवं हाय?"

चढ संपल्यावर तो पुन्हा बसला. असे तीन चढ झाले. सोनारी आली, काळभैरवाच्या देवळाचं शिखर मागं पडलं, बौद्धवस्तीचं वळण आलं. मुक्ता अंगणात ज्वारी पाखडत होती. आवाज आला तसं तिच्या हातातलं सूप गळून पडलं.

"आबा गेलं गं, बया! माझं आबा गेलं!"

छाती पिटत ती रस्त्याकडं धावली. तिच्यामागं चार बाया. आणि गाडी थांबली तर मागून कोंडिबा सावकाश खाली उतरला, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाला, "कोण गेलं गं? म्या तर आलोय."

मुक्ता आधी बघतच राहिली. मग तिनं बापाच्या छातीवर बुक्क्या मारल्या, मग त्याच छातीवर डोकं टेकून रडली. बाया हसायला लागल्या. बलभीम नेहमीच्या सवयीनं गाडी लांब झाडाखाली नेऊन उभा राहिला होता.

"तिकडं कुठं हुबा ऱ्हायलास?" कोंडिबा ओरडला. "हिकडं ये. आन मुक्ते, ध्यान दिऊन ऐक. ह्या गाडीचा आवाज आला की रडायचं न्हाय. आबा आला म्हणायचं आन चुलीवर भाकरी टाकायची."

पुढं दोन वर्षं ते चाललं. महिन्यातल्या एका सुट्टीला बाप-लेक सोनारीला जात. आवाज वळणावर आला की मुक्ता तवा टाके. बाप-लेकांत बोलणं फार वाढलं असं नाही. मूळचे दोघंही अबोल, आणि मधल्या दोन वर्षांचं कुणी कुणाला काही म्हणालं नाही. पण मागं बसलेला बाप चढ आला की स्वतःहून उतरे आणि बलभीम गाडी ढकलत त्याच्याबरोबर चाले. गावानं मात्र बलभीमला टाकल्यात जमा केलं. सांगाव्यालाही कुणी दारात येईना, आणि इतर कशालाही येईना. कधी कधी त्याला, लाज वाटे तरी, त्या 'बलभीमराव'ची आठवण येई. महिन्याचे एकोणतीस दिवस तो घर ते नळी आणि नळी ते घर एवढंच करी. तिसावा दिवस मुक्ताच्या दारातला. त्या एका दिवसावर तो बाकीचे काढत होता.

त्र्याऐंशीच्या चैत्रात, एका सकाळी, कोंडिबानं चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकला तो टेकलाच. वस्ती जमली. शेजारचा मच्छिंद्र म्हणाला, "दादा, तुमी आबांपाशी बसा. मी सायकलीवर जातो सोनारीला."

"नगं," बलभीम म्हणाला. "ह्यो सांगावा माझा हाय."

तो गाडीपाशी गेला. हँडल धरलं. पायडलवर पाय ठेवला, आणि तसाच थांबला. हा आवाज वळणावर गेला की मुक्ता काय करील ते त्याला ठाऊक होतं. ती हसेल. चुलीवर तवा टाकील. आणि गाडीच्या मागं कुणी नसेल. साऱ्या मुलखात त्या आवाजाला मरणाशिवाय दुसरा अर्थ असलेलं ते एकच दार होतं. बापानं स्वतः मागं बसून तो अर्थ मिळवून दिला होता. तो आपल्या हातानं मोडायचा? त्यानं गाडी पुन्हा भिंतीला लावली.

"आबांला संध्याकाळपस्तोर ठिवा," तो म्हणाला. "येताना आमाला तीनची एस.टी. गावंल."

"आरं, गाडी असून चालत? डोकं फिरलं का तुझं?" म्हातारी माणसं ओरडली. तो वस्तीबाहेर पडला होता.

पाच कोस तो चालला. ऊन चढलं, चप्पलचा अंगठा तुटला, ती त्यानं हातात घेतली. बाप किती वेळा असा चालला असेल याचा हिशेब तो मनात करू लागला आणि मध्येच सोडून दिला. चढांवर त्याला उगाच वाटे, की आता आबा उतरतील. तीनही चढांवर वाटलं.

मुक्ता अंगणातच होती. तिनं लांबूनच त्याला ओळखलं आणि हसत पुढं आली.

"दादा? असा चालत? गाडी बिघडली व्हय? आन पायात काय न्हाय, बघ की कसं पोळलंय." ती धावत आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "एकटाच आलास? आबाला ठिवून आलास? सुट्टीच्या दिवशी वाट बघत बसते रं मी त्यांची."

एकतीस सांगावे त्यानं नेले होते. बोलायची वेळ एकदाही आली नव्हती. जे सांगायचं ते गाडी सांगायची. आता गाडी नव्हती. मुक्ता त्याच्याकडं बघत होती, अजून हसतच होती. बापानं लहानपणी वाटेत शिकवलेला तो शब्द त्याला आठवला.

"मुक्ते," तो म्हणाला, "निघ."

तिनं पुढं केलेला तांब्या त्यानं घेतला नाही.